मंगळावरचा बर्फही वितळतोय म्हणे, मग तिथे कोणाच्या गाड्या धावतात?

ध्रुवबाळ
काल एका ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड फिरून आला. मंगळाच्या दक्षिण ध्रुवाचे दोन फोटो शेजारी शेजारी, एकात खड्डे लहान, दुसऱ्यात मोठे, आणि खाली ठळक अक्षरात की बघा तिथलाही बर्फ वितळतोय, तिथे ना कारखाने ना गाड्या, म्हणजे सगळा सूर्याचा प्रताप आणि पृथ्वीवर उगाच माणसाच्या नावाने बोंब. यात काहीतरी गोम आहे एवढं कळतंय पण नेमकी कुठे ते सांगता येईना, आणि पाठवणारा माझा मोठा भाऊ आहे, तो आजवर कुठल्याच वादात हरलेला नाही. जाणकारांनी जरा उजेड पाडा. फोटो खरे आहेत का आणि खरे असतील तर तिथे नक्की काय वितळतंय?

शंकासुर
फोटो खरे आहेत, मी पूर्वी पाहिलेत. आणि तुमच्या भावाचा प्रश्न मला तरी रास्त वाटतो. दोन शेजारी ग्रह एकाच वेळी तापत असतील तर माणूस आधी चुलीकडेच बघणार ना?

खगोलखुळा
फोटो खरे, मजकूर खोटा असा प्रकार आहे हा. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे 'वितळणं' हा शब्द बाजूला ठेवा. त्या खड्ड्यांत पाण्याचा बर्फ नाहीच, तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, ड्राय आइस, नाटकात स्टेजवर धुकं सोडतात तोच. मंगळावर तो वितळत नाही, कपाटातल्या डांबरगोळीसारखा विरत जातो, घनाचा थेट वायू, शाळेत संप्लवन म्हणून शिकलो ते. तिथे हवेचा दाब सरासरी ६ मिलिबारच्या आसपास, म्हणजे आपल्या समुद्रसपाटीच्या एक टक्कासुद्धा नाही, त्यामुळे पाण्याच्या बर्फाचीही बहुतेक ठिकाणी मधे पाणी न होता सरळ वाफच होते. २००८ साली फीनिक्स यान ६८ अंश उत्तरेला उतरलं, त्याने चर खणला तर खाली पांढरे खडे दिसले आणि चारच दिवसांनी परत फोटो काढला तर त्यातले काही गायब! ते मीठ असतं तर गायब झालं नसतं, म्हणून तो बर्फ हे तिथेच ठरलं.

आता दक्षिण ध्रुवाची टोपी. खाली पाण्याचा बर्फ आणि धूळ यांचे थरावर थर रचलेला अवाढव्य ढीग आहे. मार्स एक्सप्रेस यानावरच्या मार्सिस रडारने तो मोजला, २००७ साली आकडे आले, जास्तीत जास्त जाडी ३.७ किमी आणि घनफळ सुमारे १६ लाख घन किमी. सगळा वितळवून ग्रहभर सारखा ओतला तर ११ मीटर खोल पाणी होईल एवढा. या ढिगाच्या एका भागावर वर्षभर टिकणारा ड्राय आइसचा पापुद्रा आहे, साधारण ८-१० मीटरचा. खड्डे पडलेत ते या पापुद्र्याला. सपाट तळ, उभ्या कडा, वरून बघितलं तर भोकाभोकाचं चीज, शास्त्रज्ञही त्याला स्विस चीजच म्हणतात. मार्स ग्लोबल सर्व्हेयरने १९९९ आणि २००१ ला, म्हणजे मंगळाच्या एका वर्षाच्या अंतराने, तीच जागा टिपली तेव्हा कडा सुमारे ३ मीटर मागे सरकलेल्या दिसल्या. तुमच्या फॉरवर्डचा जन्म तिथला.

थोडक्यात तीन-साडेतीन किलोमीटर जाड गादीवरच्या चादरीला भोकं पडतायत आणि बंधुराज म्हणतायत गादी संपली.

निळी_पणती
गादी-चादर 😄 पण दादा, चादर का होईना, विरतेय ना? तिला नवीन ठिगळ लागतं का कधी?

शंकासुर
मीही तेच विचारणार होतो. चादर विरण्याचं कारण सूर्य नाही हे कशावरून?

खगोलखुळा
ठिगळ लागतं. खड्ड्यांच्या कडा मागे सरकतात तेव्हाच मधल्या सपाट भागावर नवा ड्राय आइस साचतो, काही जुने खड्डे बुजतात, काही नवीन पडतात. कडा सरकलेली फोटोत पटकन दिसते, वर चढलेला थर वरून दिसत नाही, म्हणून नुसत्या फोटोंवर जमाखर्च मांडला तर खर्चच खर्च दिसणार. आणि समजा त्या भागात खरंच घट असली तरी एका ध्रुवाच्या एका कोपऱ्यावरून ग्रहाचं हवामान कसं ठरवणार, एक विहीर आटली म्हणून कोणी दुष्काळ जाहीर करत नाही.

आता चूल. सूर्याचं तेज १९७८ पासून उपग्रहांवरून सतत मोजलं जातंय. ११ वर्षांच्या चक्रात ते ०.१ टक्क्याच्या आसपास खालीवर होतं आणि या चार-पाच दशकांत वर जाण्याचा कल नाही. उलट मंगळाला एकाच वर्षात सूर्यप्रकाशात किती फरक सोसावा लागतो ते बघा. त्याची कक्षा चांगलीच लांबुळकी आहे, सूर्याजवळ असताना २०.७ कोटी किमी आणि लांब असताना २४.९ कोटी, म्हणजे जवळ असताना सुमारे ४५ टक्के जास्त ऊन. जो ग्रह दरवर्षी ४५ टक्क्यांचा फरक पचवतो तो ०.१ टक्क्याने कशाला बिघडेल. वरून धुळीची वादळं आहेतच. कुठल्या वर्षी कुठल्या भागावरची धूळ उडून तो काळपट झाला, कुठला उजळला, यावर तिथलं तापमान बदलतं.

शंकासुर
४५ टक्के हा आकडा माहीत नव्हता. बरं, अर्धा मुद्दा सोडतो. अर्धा अजून माझ्याकडे आहे.

दुर्बिणवाली
धुळीचा विषय काढलात आणि जखमेवरची खपली निघाली. २०१८ च्या जुलैत मंगळ पंधरा वर्षांत सर्वात जवळ येणार म्हणून मी वर्षभर आधीपासून तयारी केली होती, बिंबाचा व्यास २४ विकलांच्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वर जाणार होता, आणि जूनमध्ये अख्ख्या ग्रहावर वादळ पसरलं. दुर्बिणीतून नुसती केशरी गोळी, ना डाग ना टोपी. त्याच वादळात मंगळावर फिरणाऱ्या ऑपर्च्युनिटी गाडीचा संपर्क तुटला, १० जूनला आलेला संदेश शेवटचा. माझं नुकसान त्यामानाने किरकोळच म्हणायचं.

पण दक्षिण टोपीबद्दल एक गंमत राहिली. ती ध्रुवावर बरोबर मधोमध नाहीच, एका बाजूला सरकलेली आहे, वाऱ्याने टोपी तिरकी व्हावी तशी. हे खगोलज्ञ मराल्डीने १७१९ सालीच टिपून ठेवलं होतं, तेव्हाच्या दुर्बिणी म्हणजे काय असतील! हे पांढरे डाग म्हणजे बर्फ असावा असं विल्यम हर्शेलने १७८४ च्या निबंधात मांडलं, त्याने मंगळाच्या आसाचा कलही काढला होता, साधारण २८ अंश, आज आपण २५ म्हणतो. आणि टोपी तिरकी का याचं पटणारं उत्तर यायला २००५ उजाडलं. दक्षिण गोलार्धात हेलास नावाचं २३०० किमी रुंद आणि ७ किमी खोल खोरं आहे, त्यामुळे वाऱ्यांची रचना अशी होते की ध्रुवाच्या एका बाजूला कमी दाब राहतो आणि तिकडे कार्बन डायऑक्साइडचं हिम पडतं, दुसऱ्या बाजूला नुसतं दव गोठल्यासारखा पारदर्शक थर. हिम पांढरंशुभ्र, उन्हाला परत पाठवतं, म्हणून उन्हाळाभर टिकतं. दुसरीकडचं काळपट, ते जातं.

निळी_पणती
थांबा थांबा. कार्बन डायऑक्साइडचं हिम पडतं? आणि मंगळाची हवा पण कार्बन डायऑक्साइडचीच ना? म्हणजे तिथे हवाच गोठून खाली पडते??

दुर्बिणवाली
हो ताई, अगदी तसंच. हवेत ९५ टक्के तोच वायू. ध्रुवावर हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य उगवत नाही, तापमान उणे १२५ च्या आसपास गेलं की हवा गोठायला लागते आणि जमिनीवर बसते, उत्तरेला हिवाळ्याच्या शेवटी मीटरभर तरी थर होतो. एका हिवाळ्यात वातावरणाचा पाव हिस्सा असा गोठून जातो आणि वसंतात परत हवेत येतो. मग तोच प्रकार दुसऱ्या ध्रुवावर. ग्रह वर्षातून दोनदा श्वास आत घेतो आणि सोडतो असं मी मुलांना सांगते.

१९७६ ला उतरलेल्या वायकिंग यानांनी हे अगदी स्वच्छ मोजलंय. ती यानं ध्रुवावर नव्हती, पहिलं तर विषुववृत्तापासून जेमतेम २२ अंशांवर, तरी त्याच्या बॅरोमीटरचा आकडा वर्षभरात साधारण ७ पासून ९ मिलिबारपर्यंत खालीवर होत होता. आपल्याकडे चक्रीवादळाच्या डोळ्यातसुद्धा दाब एवढ्या टक्क्यांनी पडत नाही. आणि दोन हिवाळ्यांत दाब सारखा उतरत नाही, दक्षिणेच्या हिवाळ्यात जास्त उतरतो, कारण मंगळ तेव्हा सूर्यापासून लांब असतो, हळू चालतो, दक्षिणेचा हिवाळा रेंगाळतो.

खगोलखुळा
+१. आणि हे आधी कागदावर निघालं होतं बरं का. मरिनर ४ ने १९६५ ला जाता जाता मंगळाची हवा किती विरळ आहे ते मोजलं आणि पुढच्याच वर्षी लेटन आणि मरे या दोघांनी गणित करून सांगितलं की असं असेल तर ध्रुवावर हवाच गोठत असणार. त्याआधी लोकांच्या डोक्यात खगोलज्ञ लॉवेलने कल्पिलेले कालवे, ध्रुवावरचं पाणी वितळून कालव्यांतून वाळवंटात नेणारे मंगळवासी. १९६९ ला मरिनर ७ ने दक्षिण टोपीत कार्बन डायऑक्साइड दाखवला आणि कालवेवाल्यांचं उरलंसुरलं पाणीही आटलं.

वसंतातला खेळ तर अजून भारी. ड्राय आइसची लादी काचेसारखी असते, ऊन आरपार जाऊन खालची माती तापते, लादीच्या तळाचा थर वायू होतो, वायूला वाट नाही, दाब वाढत जातो आणि एका क्षणी लादी फुटून कारंजं उडतं, सोबत काळी धूळ. जमिनीवर मागे उरतात फांद्या फुटलेले चर, वरून थेट कोळी दिसतात. ही कल्पना २००६ ला मांडली गेली आणि २०२४ मध्ये नासाच्या प्रयोगशाळेत थंड पेटीत तसे छोटे कोळी करूनही दाखवले.

ध्रुवबाळ
धागा काढल्याचं सार्थक झालं! पण मग उत्तर ध्रुवाचं काय? तिथे पण चादर आहे का?

खगोलखुळा
उत्तरेची चादर उन्हाळ्यात पूर्ण जाते, खाली उघडा पाण्याचा बर्फ. व्यास सुमारे १००० किमी, जाडी दोन-तीन किमी. भोवऱ्यासारख्या वळणदार घळी आहेत त्यात, मधून खाली घसरणारे थंड वारे ग्रहाच्या फिरण्याने वळतात आणि बर्फ कोरत राहतात. आणि एक सलग दरी, कॅज्मा बोरियाल, ५०० किमीहून लांब. बाकी उत्तरेबद्दल मी बोलण्यापेक्षा थरांवर घड्याळबुवा लिहितील, ते इथेच कुठेतरी लपून वाचत असणार.

चक्रम_घड्याळ
वाचतोय. तुम्ही सगळे चांगलं लिहिताय म्हणून गप्प होतो, पण मला वाटतं धाग्याचा खरा प्रश्न अजून कोणी हातात घेतलेला नाही. मंगळाचं हवामान बदलतं का? बदलतं, आणि असं की आपलं हिमयुग त्यापुढे लहान वाटावं. फक्त ते २० वर्षांत बदलत नाही आणि त्याला सूर्याने भडकावं लागत नाही.

कारण आहे आस. पृथ्वीचा कल २२ ते २४.५ अंशांच्या मधे डुलतो, ४१,००० वर्षांचा फेरा, आणि एवढ्याशा डुलण्यानेही हिमयुगांच्या येण्याजाण्यावर परिणाम होतो. आपल्याला चंद्राने धरून ठेवलंय. मंगळाकडे काय आहे, फोबॉस २२ किमीचा आणि डायमॉस १२ चा, दोन दगड. त्यामुळे त्याचा आस गुरू आणि बाकीच्या ग्रहांच्या ओढाताणीत मोकाट झुलतो. आज २५ अंश, पण गेल्या ५० लाख वर्षांत तो साधारण १५ ते ३५ च्या मधे फिरलाय, १,२०,००० वर्षांचा एक झोका. फ्रेंच गणिती जाक लास्कर यांनी दाखवलंय की फार मागे गेलं तर ही गती बेभरवशाची होते, अब्जावधी वर्षांच्या हिशेबात कल ६० च्या पुढेही गेलेला असू शकतो.

कल वाढला की काय होतं? उन्हाळ्यात ध्रुव सूर्याकडे जास्त झुकतो, ध्रुवावरचा बर्फ वाफ होऊन निघतो आणि खालच्या अक्षांशांवर जाऊन बसतो. आणि इथे आपलं डोकं उलटं चालवावं लागतं. पृथ्वीवर हिमयुग म्हणजे ध्रुव अधिक थंड. मंगळावर हिमयुग म्हणजे ध्रुव अधिक गरम, बर्फ घर सोडून प्रवासाला निघालेला. कल कमी झाला की तो परत ध्रुवावर येतो. उत्तर टोपीतले थर म्हणजे या ये-जा करण्याची वही आहे, धूळ जास्त बर्फ कमी, मग बर्फ जास्त धूळ कमी. एमआरओ यानावरच्या शॅरॅड रडारने हे थर आरपार बघितले आणि २०१६ ला निष्कर्ष आला की शेवटचं हिमयुग सुमारे ३,७०,००० वर्षांपूर्वी संपलं आणि तेव्हापासून दोन्ही ध्रुवांवर मिळून जवळपास ८७,००० घन किमी बर्फ जमा झालाय.

म्हणजे आजचा काळ हा बर्फ ध्रुवावर परत येण्याचा काळ आहे. फॉरवर्ड म्हणतो त्याच्या बरोब्बर उलट.

निळी_पणती
दंडवत घ्या __/\__

शंकासुर
हे मात्र आवडलं. मग प्रवासाला गेलेला सगळा बर्फ परत आला की काही वाटेतच राहिला?

चक्रम_घड्याळ
राहिला ना, भरपूर राहिला. मधल्या अक्षांशांवर दगडमातीच्या पांघरुणाखाली हिमनद्या आहेत, वरून डोंगराच्या पायथ्याचा चिखल वाटतो, रडारने आत बघितलं की आख्खा बर्फ. २०१८ ला काही उभ्या कड्यांमध्ये तो उघडाच सापडला, १०० मीटरहून जाड थर. आणि २४ डिसेंबर २०२१ ला मंगळावर एक उल्का आदळली, इनसाइट यानाच्या भूकंपमापकाला ४ तीव्रतेचा धक्का जाणवला, मग एमआरओने जागा शोधली तर १५० मीटर रुंद विवर आणि भोवती पांढऱ्या बर्फाचे धोंडे उडून पडलेले. जागा फक्त ३५ अंश उत्तर! आजच्या हवामानात तिथे वर उघड्यावर बर्फ टिकत नाही, जमिनीत गाडला गेला म्हणून वाचला.

अवांतर: वायकिंग २ ज्या अक्षांशावर उतरलं होतं तिथे त्याने अजून १० सेंमी खोल खणलं असतं तर बहुधा १९७६ लाच बर्फ हाताला लागला असता. नंतर त्या पट्ट्यात उल्कांनी पाडलेली ताजी विवरं बघून हा हिशेब झाला.

शंकासुर
आता माझा उरलेला अर्धा मुद्दा. एवढा बर्फ, एवढा ड्राय आइस, मग ध्रुव तापवून हवा दाट करता येणार नाही का? इलॉन मस्कने २०१५ मध्ये ध्रुवांवर अणुबॉम्ब टाकायची कल्पना मांडली होती, लोक हसले, पण तत्त्व चुकीचं वाटत नाही. हवा वाढली की ऊब वाढेल, ऊब वाढली की अजून ड्राय आइस उडेल.

खगोलखुळा
तत्त्व ठीक, तिजोरी रिकामी. २०११ मध्ये शॅरॅडने दक्षिण टोपीत गाडलेला ड्राय आइसचा मोठा साठा शोधला, पूर्वी वाटायचं त्याच्या कितीतरी पट, जवळजवळ आज हवेत आहे तेवढाच. ऐकायला खूप वाटतं. पण २०१८ ला जकोस्की आणि एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी सगळा जमाखर्च मांडला, ध्रुवांवरचं सगळं उडवलं तरी दाब फार तर दुप्पट, पृथ्वीच्या १.२ टक्के. दुपटीला काय अर्थ आहे जेव्हा मूळ आकडाच नखाएवढा. जुनी दाट हवा सौरवाऱ्याने अवकाशात उडवून नेली, मेवन यान ती गळती मोजत होतं, ती काही बॉम्ब टाकून परत येत नाही.

उडालेला ड्राय आइस पुढच्या हिवाळ्यात परत गोठायला बसणार ते वेगळंच.

निळी_पणती
आणि ते दक्षिण ध्रुवाखाली तळं सापडलं होतं ना? त्याचं पुढे काय झालं?

चक्रम_घड्याळ
त्याचं पाणी बरंच कमी झालं. २०१८ ला मार्सिसच्या इटालियन चमूने जाहीर केलं की बर्फाखाली दीड किमीवर २० किमी रुंदीचा भाग रडारमध्ये असा चमकतो की तिथे द्रव पाणीच असावं. अडचण थंडीची, एवढ्या थंडीत पाणी द्रव ठेवायला भयंकर खारट करावं लागतं किंवा खालून उष्णता हवी. मग इतरांनी दाखवलं की गोठलेली चिकणमाती किंवा ज्वालामुखीचा खडकही तसाच चमकू शकतो. आणि २०२५ मध्ये एमआरओ यानाला तब्बल १२० अंश कूस बदलायला लावून शॅरॅडने तीच जागा नीट बघितली, तर पाणी असतं तर जेवढा सिग्नल यायला हवा त्यापेक्षा खूप क्षीण आला. मी तळ्यावर पैज लावणार नाही.

ध्रुवबाळ
भावाला सगळा धागा पाठवला. दोन तास निळी टिक दिसत होती, उत्तर नाही. मग आलं: "ठीक आहे, पण ते कोळ्यांचे फोटो कुठे बघायला मिळतील?" मी याला विजय समजतोय.

शंकासुर
समजा. मी पण माझा उरलेला अर्धा मुद्दा इथेच ठेवून जातो, कोणाला लागला तर घ्या.

निळी_पणती
दुर्बिणवाली ताई, ही टोपी आपल्याला घरून दिसेल का हो? माझ्याकडे ४ इंची दुर्बीण आहे, आत्तापर्यंत चंद्र आणि शनीच बघितलेत.

दुर्बिणवाली
दिसेल, पण वेळ साधायला हवी. पुढची प्रतियुती (सूर्य आणि मंगळ पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना येतात ती वेळ) १९ फेब्रुवारी २०२७, मंगळ सिंहेत मघेच्या आसपास असेल. यावेळी तो सूर्यापासून लांबच्या टोकाजवळ, त्यामुळे बिंब लहान, जेमतेम १४ विकला, २०१८ च्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त. पण फायदा असा की उत्तर ध्रुव आपल्याकडे झुकलेला असेल आणि तिथे वसंत संपत आलेला, म्हणजे चादर मागे सरकत असतानाच बघायला मिळेल. धुळीची मोठी वादळं शक्यतो या ऋतूत होत नाहीत हेही बरं. १५० पट तरी मोठं करा, मंगळ डोक्यावर आल्यावर बघा, क्षितिजाजवळ असताना नुसता उकळल्यासारखा दिसतो. पहिली दहा मिनिटं काही दिसणार नाही. डोळा लावून बसून राहा, हवा क्षणभर स्थिर झाली की बिंबाच्या कडेला पांढरा ठिपका चमकून जातो. जानेवारीपासून दर आठवड्याला कागदावर चित्र काढत गेलीस तर एप्रिलपर्यंत ठिपका लहान झालेला तुला स्वतःलाच कळेल. चित्रं काढलीस तर इथे टाक.